आगगाडीच्या चिमुकल्या डब्यांस नवा रंग

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर आठवींतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आजोबांच्या ट्रंकेंतला एक खोका आमच्या छंदमंडळांत आणला. आंत प्लॅस्टिकच्या आगगाडीचीं दोन वाहनें होतीं. एक उतारूंचा डबा व एक उघडी वाघीण. डब्याचा मूळ रंग जागोजाग उडालेला, त्यावर मागाहून कोणीं तरी दरवाजाचा ऑइलपेंट जाड फांसलेला, आणि खिडक्यांच्या कडा त्यांत बुडून गेलेल्या, अशी त्याची दशा होती. आजोबा रेल्वेंत नोकरीस होते तेव्हां गाड्यांना जो गर्द तांबूस रंग असे, तो या डब्यास यावा, एवढीच त्या मुलाची इच्छा. आम्हीं मोठ्या हौसेनें होकार दिला आणि पहिल्याच दिवशीं डबा बिघडविला.

ती हकीकत सांगण्यापूर्वीं हीं वाहनें कशीं असतात तें सांगितलें पाहिजे. तीं खेळण्यांत मोडत असलीं तरी मापाबरहुकूम केलेलीं असतात. ज्यास एचओ प्रमाण म्हणतात त्यांत प्रत्येक वस्तु खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाएवढी करितात. १९५५ सालीं सुरू झालेल्या पेरांबूरच्या कारखान्यांत पुढें अनेक दशकें जो डबा तयार होत असे, त्याची लांबी सुमारें २१.३ मीटर, या प्रमाणांत ती साडेचोवीस सेंटिमीटर भरते. (रुळांतील अंतराचा हिशेब मात्र आपल्याकडे जुळत नाहीं. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे, म्हणजे १४३५ मिलिमीटरांच्या गेजाचे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. त्यामुळें आपल्याकडील डबा त्या रुळांवर पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो.)

हेंच गणित रंगासही लावून पाहावें. चिमुकल्या डब्यावर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या डब्यावर तो जवळजवळ नऊ मिलिमीटर जाड होईल. इतक्या जाड रंगाखालीं रिव्हेटचीं डोकीं, दारांच्या फटी, खिडक्यांच्या चौकटी कांहींच शिल्लक राहणार नाहीं. म्हणून जुना रंग न काढतां त्यावर नवा चढविणें हें वेळ वांचविण्यासारखें दिसलें, तरी डब्यास तें मारक होय.

आतां आमचा अपराध. रंग काढावयाचा म्हणून आम्हीं नखांचा रंग काढण्याचें द्रव कापसावर घेतलें आणि डब्याच्या एका कोपऱ्यावर घासलें. रंग निघाला, पण त्याबरोबर कोपराही मेणासारखा मऊ झाला, त्यावर बोटाचा ठसा उमटला आणि पायऱ्यांची रेघ पुसून गेली. त्या द्रवांत ॲसिटोन असतें. डबा पॉलिस्टायरीनचा होता, व पॉलिस्टायरीन म्हणजे लांबच लांब रेणुसाखळ्यांची गुंतवळ. ॲसिटोन त्या साखळ्यांमध्यें शिरून त्यांना एकमेकींपासून सैल करतें, आणि प्लॅस्टिक पाघळतें. सुताराच्या कामांतला थिनरही असाच घातक आहे. आम्ही हें पुस्तकांत वाचूं शकलों असतों, वाचलें नव्हतें.

मुलगा कांहीं बोलला नाहीं. खोका मात्र त्या दिवशीं घरीं घेऊन गेला. आठ दिवसांनीं तो परत आला तो आजोबांचा निरोप घेऊन: हातीं घेतलेलें काम अर्ध्यावर टाकूं नये. त्यानंतर आम्ही जें जें केलें तें आधीं एका मोडक्या खेळण्याच्या तुकड्यावर करून पाहिलें.

रंग काढण्यास आम्हीं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलें. तें पॉलिस्टायरीनला सहसा बाधत नाहीं. तरीही पारदर्शक तावदानें अगोदर काढून ठेवावीं, कारण त्यांवर बारीक तडे येण्याचा संभव असतो. चाकें, आंस व कपलिंग हींही सोडवून एका डबींत ठेवलीं. हें द्रव ज्वालाग्राही आहे. खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून आणि शिक्षक समोर असतांनाच आम्हीं तें हाताळलें. झांकणाच्या भांड्यांत डबा बुडवून ठेवावा, मधून मधून मऊ दांतघाशीनें घासावा, परत बुडवावा. आमच्या ऑइलपेंटनें दोन दिवस दाद दिली नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याचे पोपडे सुटूं लागले. तो ऑइलपेंट मुलाच्या वडिलांनीं लहानपणीं लावला होता असें पुढें कळलें. तो गेल्याचें त्यांना मुळींच दुःख झालें नाहीं.

नंतर कोमट पाण्यांत भांडीं घासण्याचा साबण घालून डबा धुतला. पाणी कढत नसावें, नाहीं तर पातळ भिंती वांकतात. धुतल्यावर बाजूंस उघडें बोट लावूं नये. बोटाचें तेल जेथें लागतें तेथें रंग धरत नाहीं.

मग अस्तर. घरांचे रंगारी ज्या कारणासाठीं अस्तराचा हात देतात त्याच कारणासाठीं येथेंही तो द्यावा लागतो. गुळगुळीत पृष्ठावर रंग टिकत नाहीं, आणि खालचा रंग वरच्यांतून डोकावतो. राखी अस्तराचा एक गुण असा कीं, जुन्या रंगाचा राहिलेला कण किंवा ओरखडा त्यावर लगेच दिसून येतो. आम्हांस तीन ठिकाणीं कण दिसले. ते बारीक पॉलिशपेपरनें पाण्यांत घासून काढले.

रंग कोणता द्यावा हा प्रश्न हौसेचा वाटतो, पण खऱ्या रेल्वेंत रंगाला अर्थ असतो. ब्रिटनमध्यें १९४८ सालीं रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाल्यावर साध्या वाघिणी राखी व निर्वात ब्रेक असलेल्या वाघिणी तांबूस तपकिरी रंगविल्या जात. लांबूनच ओळख पटे. आपल्याकडेही १९९० नंतरच्या दशकांत गर्द तांबूस डब्यांच्या जागीं जे निळे डबे दिसूं लागले, ते हवेच्या दाबाच्या ब्रेकाचे होते. शोभेसाठीं रंग दिल्याचें उदाहरण हवें असेल तर १ जून १९३० रोजीं सुरू झालेली दख्खनची राणी पाहावी: तिची एक गाडी रुपेरी असून तिच्यावर लाल पट्ट्या होत्या, दुसरी गडद निळी असून तिच्यावर सोनेरी रेघा होत्या.

आमचा रंग ठरलेलाच होता. तरी बाटलींतला खरा तांबूस रंग डब्यावर काळवंडलेला दिसला. लहान वस्तु आपण जवळून पाहत असलों तरी मनानें ती दूरची समजतों, आणि दूरच्या वस्तूचा रंग नेहमीं फिका दिसतो. म्हणून त्यांत थोडा राखी मिसळला. पांढरा मिसळूं नये. गुलाबी छटा येते, आणि गुलाबी आगगाडी कोणीं पाहिली आहे? दुधाइतका पातळ करून, रुंद मऊ कुंचल्यानें, एकाच दिशेनें चार हात दिले. पहिल्या हातानंतर डबा इतका चट्टेरी दिसतो कीं, अधीर मनुष्य लगेच दुसरा जाड हात मारतो आणि सगळें बिघडतें. आमच्यांतील दोघांस कुंचल्यापासून दूर बसवावें लागलें.

छत राखी हवें होतें. दोन रंगांची सीमारेषा सरळ येण्यास चिकटपट्टी लागते. तिची मूळ कड धुळीनें व हाताळण्यानें खराब झालेली असते, म्हणून ती कांचेवर ठेवून पात्यानें नवी कड कापावी. पट्टी बसविल्यावर कडेवर आधीं खालच्याच रंगाचा पातळ हात द्यावा. जें झिरपावयाचें तें तोच रंग झिरपतो व फट बुजते. मग राखी द्यावा, आणि तो पुरता कडक होण्यापूर्वींच पट्टी मागें दुमडून सावकाश सोडवावी.

अक्षरें पाण्यांत सुटणाऱ्या ठशांचीं होतीं. निस्तेज पृष्ठावर तीं लावलीं तर खालीं हवा अडकते आणि अक्षराभोंवतीं चंदेरी डाग पडतो. म्हणून आधीं चकचकीत रोगण, त्यावर ठसे, व शेवटीं निस्तेज रोगण असा क्रम असतो. हें शेवटचें रोगण परीक्षांमुळें लांबलें, आणि आम्हीं तें जूनमध्यें एका पावसाळी दुपारीं फवारलें. दमट हवेंत रोगणावर पांढुरका धुरकटपणा येतो, तो आला. कोरड्या दिवसाची वाट पाहून वर चकचकीत रोगणाचा हात दिला, तेव्हां तो बराचसा गेला.

वाघीण मात्र आम्हीं रंगविली नाहीं. तिच्या खालच्या पट्टीवर आजोबांनीं तरुणपणीं बारीक कुंचल्यानें पांढरा क्रमांक लिहिला आहे. त्यांतील एक आंकडा तिरका गेला आहे. अल्कोहोलमध्यें तो अर्ध्या तासांत नाहींसा झाला असता. कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडली, चाकें साफ केलीं, आणि ती तशीच ठेवली.

डब्याचा वितळलेला कोपराही आहे तसाच आहे. पुटी भरून तो दुरुस्त करितां आला असता. आजोबांनीं नको म्हटलें. येत्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत दोन्हीं वाहनें मांडलीं जातील. तो कोपरा भिंतीकडे करावा कीं पाहुण्यांकडे, यावर मंडळांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.