ब्राउझर उघडला की सारा पडदा का अडखळतो?

समजा तुम्ही संगणकावर निबंध लिहीत आहात. मागे ब्राउझरमध्ये एक पान उघडे आहे आणि त्यात एक जाहिरात सारखी हलते आहे. तुम्ही कळ दाबता, पण अक्षर उमटत नाही. पाच-सहा कळा दाबून झाल्या, की सगळी अक्षरे एकदम पडद्यावर येऊन पडतात. ब्राउझर बंद केला, की संगणक पुन्हा शहाण्यासारखा वागू लागतो. निबंधाचा त्या जाहिरातीशी काडीचाही संबंध नसताना असे का व्हावे?

२०२३ सालच्या जुलैमध्ये मांडव्याजवळच्या एका माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी मला हाच प्रश्न फोनवरून विचारला. शाळेत संगणक सहा, त्यांतले दोन या दुखण्याने बेजार. मुलांचे अर्ज संकेतस्थळावर भरायचे, तर एका अर्जाला तासभर लागे. "सर, दोन्ही भंगारात काढायचे ठरले आहे. नव्यांसाठी पालकांकडून वर्गणी गोळा करायची म्हणतात. त्याआधी तुम्ही एकदा पाहून जाल का?" वर्गणी म्हटल्यावर मला जावेसे वाटले. वाडीतल्या घरांना पाचशे रुपयेही जड जातात, हे मला ठाऊक होते.

दुखणे समजायचे, तर आधी पडद्याचे गणित पाहिले पाहिजे. साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. पडदा एका सेकंदात ६० वेळा नवे चित्र दाखवतो. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट होतात. हा हिशेब नुसत्या तयार चित्राचा. ते तयार करताना खालचे थर, सावल्या, अक्षरे यांची ने-आण वेगळीच. आणि हे सगळे एका चित्रासाठी १७ मिलिसेकंदांच्या आत उरकायचे. उशीर झाला, तर पडदा जुनेच चित्र पुन्हा दाखवतो. आपल्याला जाणवणारा अडखळणेपणा तो हाच.

हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरने, म्हणजे सीपीयूने, एकट्याने करणे परवडत नाही. त्याच्याजवळ चार-आठ हुशार कारागीर असतात. ग्राफिक्स प्रोसेसरजवळ, म्हणजे जीपीयूजवळ, साधेच पण शेकड्यांनी, कधी हजारांनी कारागीर असतात. लाखो ठिपक्यांवर एकच सोपी क्रिया करायची असली, की ही फौज कामी येते. काम वाटून एकाच वेळी करण्याची ही युक्ती तुम्हाला अनोळखी नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तयार झालेला 'परम ८०००' हा महासंगणक याच तत्त्वावर चाले. पुष्कळ प्रोसेसर एकमेकांना जोडून त्याने आपली ताकद मिळवली होती.

ब्राउझर आपले चित्रकाम जीपीयूकडे सोपवतो, त्याला 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' म्हणतात. भौतिकशास्त्रातल्या त्वरणाशी याचा संबंध नाही. कामाला गती देणे, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरी मेख पाहा. जीपीयूची मदत घेणारा ब्राउझर हा एकटाच नसतो. पडद्यावरची प्रत्येक खिडकी आधी आपापल्या जागेत, स्मृतीच्या एका कोपऱ्यात, रंगवली जाते. मग काचेच्या तकट्या एकावर एक ठेवाव्यात, तशा त्या सर्व खिडक्या जुळवून शेवटचे चित्र बनते. ही जुळवणीही जीपीयूच करतो. विंडोजमध्ये ही रीत व्हिस्टापासून आली आणि २०१२ सालच्या विंडोज ८ पासून तर ती बंदच करता येत नाही. म्हणजे तुमच्या निबंधातले 'क' हे अक्षर मुख्य प्रोसेसरने क्षणात तयार केले, तरी ते पडद्यावर यायला जीपीयूच्याच दारातून जावे लागते.

मांडव्याच्या धक्क्यावर याचा दाखला चांगला मिळतो. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असा जमिनीवरचा वळसा टाळून मोटारी आणि माणसे एकाच बोटीतून तासाभरात येऊ लागली. फार सोयीचे! पण कल्पना करा, की बोटीत चढायचा उतार एकच आहे आणि त्यावर एक अवजड ट्रक आडवातिडवा अडकला आहे. त्याच्यामागे एक सायकलवाला उभा आहे. त्याला चढायला अर्धा मिनिट पुरे, तरीही ट्रक निघेपर्यंत त्याला थांबावेच लागणार. ट्रक म्हणजे ब्राउझरचे काम आणि सायकल म्हणजे तुमचे 'क' हे अक्षर. बोट कितीही मोठी असली, तरी सायकलवाल्याला त्याचा त्या क्षणी उपयोग नाही.

ट्रक अडकतो कशाने? कधी जीपीयूच दुबळा असतो. स्वस्त संगणकात तो मुख्य प्रोसेसरच्याच चकतीवर असतो आणि स्मृतीही त्याच्याशी वाटून घेतो. पण पुष्कळदा दोष असतो 'ड्रायव्हर'चा. ड्रायव्हर म्हणजे येथे गाडी हाकणारा नव्हे, तर जीपीयूशी त्याच्या भाषेत बोलणारा दुभाष्या प्रोग्रॅम. ब्राउझर दर काही आठवड्यांनी नवा होतो, विंडोजही बदलत राहते, आणि दुभाष्या मात्र चार वर्षांपूर्वीचा राहतो. मग एखादी आज्ञा तो चुकीची लावतो, किंवा सोपे काम लांबच्या रस्त्याने करतो.

शाळेत पोचल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक खिडकी माऊसने धरून ओढली. माऊसचा बाण सुरळीत पुढे गेला आणि खिडकी मागून धक्के खात आली. हा धागा मोलाचा आहे. बाण सहसा सगळ्या थरांच्या वर, पडद्याच्या यंत्रणेकडून वेगळा काढला जातो. जुळवणीच्या रांगेत तो उभाच राहत नाही. बाण धावतो आणि खिडकी रखडते, तेव्हा माऊस ठीक असून जुळवणीत गडबड असल्याचा संशय घ्यावा.

नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू २० टक्क्यांच्या आसपास होता, तर जीपीयूची रेघ जवळजवळ माथ्याला टेकलेली. येथे एक सावधगिरी घ्यावी. चार गाभ्यांच्या सीपीयूत एकच गाभा पूर्ण राबत असेल, तरी एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. म्हणून सीपीयूचा आकडा लहान दिसला, एवढ्यावरून त्याला निर्दोष ठरवू नये. प्रत्येक गाभ्याचा आलेख वेगळा पाहावा. तो आम्ही पाहिला आणि कोणताच गाभा भरलेला नव्हता.

तरीही हा संशयच. पुरावा प्रयोगातून मिळवायचा. बाईंनी नववीची चार मुले बोलावली. एकाने फोनच्या संथ चित्रणाने कळफलक आणि पडदा एकत्र टिपले. सेकंदाला १२० चित्रे, म्हणजे एक चित्र सुमारे ८ मिलिसेकंदांचे. बोट कळीवर टेकल्यापासून अक्षर दिसेपर्यंत किती चित्रे जातात, ती मोजायची. पहिल्या खेपेला चाळीसच्या आसपास भरली, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा! मग ब्राउझरमधील ग्राफिक्स ॲक्सिलरेशनची खूण काढली. (क्रोममध्ये ती सेटिंग्जच्या 'सिस्टिम' भागात असते. फायरफॉक्समध्ये 'जनरल' भागातील 'परफॉर्मन्स'खाली, शिफारस केलेली मांडणी बंद केल्यावर दिसते.) ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, हे विसरले, तर बदल लागू होत नाही. आता चित्रे भरली दहा. एक मुलगी म्हणाली, "सर, ब्राउझर नव्याने उघडल्यामुळेच तो सुधारला असेल!" मी खूष झालो. तिच्या म्हणण्याप्रमाणे खूण पुन्हा केली आणि ब्राउझर पुन्हा नव्याने उघडला. चाळीस. खूण काढली, दहा. तेव्हा तिने मान डोलावली.

येथे थांबून 'ॲक्सिलरेशन वाईट, ते बंद ठेवावे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते बरोबर नाही. खूण काढल्यावर चित्रकाम सीपीयूच्या गळ्यात पडते. त्याच संगणकावर आम्ही एक शैक्षणिक चित्रफीत पूर्ण पडदाभर लावली, तर ती अडखळू लागली आणि सीपीयू नव्वदीला पोचला. म्हणजे आम्ही ट्रक उतारावरून काढला आणि लांबच्या रस्त्याने वडखळमार्गे धाडला, एवढेच.

म्हणून संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्या जीपीयूचा नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. शाळेतल्या नेटच्या कृपेने त्याला दीड तास लागला. तेवढ्यात चहा झाला आणि पावसाची एक जोरदार सर येऊन गेली. ड्रायव्हर बसवला, संगणक पुन्हा सुरू केला, ॲक्सिलरेशनची खूण परत केली आणि मोजले. चित्रे दहा-अकरा, आणि चित्रफीतही सुरळीत. दोष दुभाष्याचा होता, जीपीयूचा नव्हे.

दुसऱ्या संगणकाने मात्र दाद दिली नाही. त्याचा जीपीयू इतका जुना, की उत्पादकाने नवे ड्रायव्हर काढणेच थांबवले होते. त्यावर ॲक्सिलरेशन बंद ठेवले आणि तो फक्त अर्ज भरायला व टंकलेखनाला राखून ठेवला. चित्रफिती दाखवायच्या, तर पहिल्यावर. बाईंनी त्याच्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर तारीख, कोणती खूण काढली आहे ते, आणि मुलांनी मोजलेले दोन्ही आकडे लिहिले.

वर्गणी गोळा झाली नाही. अर्ज त्याच आठवड्यात भरून झाले.