ट्रॅक्टर घ्यावा की लोडर? आधी तासांचा हिशेब मांडा



खोडव्याच्या पाहणीसाठी शिरड शहापूर भागात फिरत असताना एका सभासदांनी आम्हाला बांधावरच थांबवले. म्हणाले, "साहेब, पोरगं हट्टाला पेटलंय. म्हणतंय, भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसण्यापेक्षा आपण स्किड लोडरच घेऊ. शेणखत भरता येतं, रस्ता करता येतो, माती ओढता येते. तुमचं काय मत?" घरचा ऊस आठ एकर, हळद दोन एकर, गोठ्यात सात जनावरे. कर्जाचे कागद जवळजवळ तयार होते. आम्ही एवढेच म्हणालो, "आठ दिवस सही करू नका. आधी कागदावर तास मांडू."

तो कागद आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून मांडला. असाच प्रश्न इतरही सभासदांच्या घरात निघत असल्याने तो येथे सर्वांसाठी देत आहोत.

यंत्रे तीन, कामे वेगळी

आपल्याकडे पुढे बकेट असलेल्या कोणत्याही यंत्राला सरसकट जेसीबी म्हणतात. त्यामुळे घोटाळा होतो. ज्याला आपण जेसीबी म्हणतो, त्याला पुढे बकेट आणि मागे खोदणारा लांब हात असतो. चर, पाइपलाइन, शेततळे ही त्याची कामे.

स्किड स्टिअर लोडर, ज्याला काही जण बॉबकॅट म्हणतात, तो आकाराने लहान. त्याला मागचा हात नसतो. त्याची पुढची चाके ट्रॅक्टरसारखी वळत नाहीत. डाव्या बाजूची दोन चाके एका वेगाने आणि उजव्या बाजूची दोन दुसऱ्या वेगाने फिरवून तो वळतो, म्हणजे चाके जमिनीवर घासत घासत वळतो. त्यामुळे तो जागच्या जागी गोल फिरू शकतो. त्याचा जन्मच अशा अडचणीच्या जागेसाठी झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५७ साली केलर बंधूंनी टर्की कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या शेडमधील खत काढण्यासाठी तीन चाकांचा छोटा लोडर बनवला. पुढे मेलरो कंपनीने तो हाती घेतला आणि १९६० साली चार चाकांचा लोडर आला. छताखालचे खत उचलून बाहेर टाकणे, हे त्याचे मूळ काम. आजही तो त्यातच वस्ताद आहे.

ट्रॅक्टरचे तसे नाही. ट्रॅक्टर मुळात ओढणारे यंत्र आहे. मागच्या तीन सांध्यांवर नांगर, रोटाव्हेटर, रेजर काहीही जोडा; पीटीओवर पाचट कुट्टी यंत्र, फवारणी पंप चालवा; हुकाला ट्रॉली लावा. लोडर उचलतो, ट्रॅक्टर ओढतो. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा प्रश्न सुटतो.

उसाच्या शेतात कोण चालेल?

लोडरला फिरता कुदळ, खड्डे घेणारा गिरमिट, काटेरी पंजा अशी पुष्कळ अवजारे जोडता येतात हे खरे. परंतु तो नांगरट करीत नाही, सरी पाडीत नाही, ट्रॉली भरून वसमतच्या बाजाराला हळद नेत नाही. त्याची रुंदी साधारण साडेपाच ते सहा फूट असते. आपण पाच फुटांची सरी पाडतो. उभ्या उसात तो शिरणारच नाही. लहान ट्रॅक्टर मात्र तीन-साडेतीन फूट रुंदीचा मिळतो. तो पाच फुटी पट्ट्यात आंतरमशागत आणि भरणी करू शकतो.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. सिद्धेश्वर-येलदरीच्या पाण्यावरची आपली काळी जमीन ओली असताना लोण्यासारखी आणि वाळल्यावर दगडासारखी. दोन-तीन टन वजनाचे यंत्र ओल्या काळ्या रानात घासत वळले, की वरचा थर उखडतो आणि खालचा दाबून घट्ट होतो. ट्रॅक्टरही यातून सुटत नाही. एकदा हंगामाच्या घाईत ओल्या रानात भरलेली ट्रॉली घालू देण्याची चूक आमच्याच हातून झाली. चाकोरीच्या दोन्ही ओळींतला खोडवा वर्षभर खुजा राहिला. त्या शेतकऱ्याला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला सुचले नाही. तेव्हापासून आम्ही सांगतो: मूठभर माती दाबून गोळा करा, अंगठ्याने दाबा. गोळा फुटला तर वाफसा आहे, यंत्र घाला. चिखलासारखा चेपला तर यंत्र बांधावरच उभे राहू द्या.

ओसरीवरचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. यंत्राची किंमत लाखात सांगतात, पण ती तासात मोजावी. खालील दर आम्ही केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. आपण आपल्या गावचे दर आणि विक्रेत्याचे दरपत्रक घालून हाच हिशेब करावा.

समजा लोडर २० लाखांचा आहे आणि दहा वर्षांनी त्याचे ६ लाख येतील. घसारा वर्षाला १ लाख ४० हजार. गुंतलेली रक्कम सरासरी १३ लाख. त्यावर दहा टक्क्यांनी व्याज १ लाख ३० हजार. विमा, ठेवण्याची जागा, मोठी दुरुस्ती मिळून ३० हजार. म्हणजे यंत्र नुसते उभे राहिले तरी वर्षाचा खर्च ३ लाख.

त्या कुटुंबाचे लोडरचे काम आम्ही मोजले. शेणखत भरणे १२ तास, प्रेसमड भरणे-पसरणे ८ तास, वाट आणि बांध १० तास, किरकोळ माती-मुरूम १५ तास. सगळे मिळून ४५ तास. ३ लाखांना ४५ ने भागा. तासाला सहा हजार सहाशेच्या वर, आणि त्यात डिझेल अजून धरलेलेच नाही! हेच काम तासाला १,५०० रुपये भाड्याने करून घेतले, तर वर्षाला ६७,५०० रुपयांत भागते.

मग घरचा लोडर परवडणार कधी? स्वतःचे डिझेल, तेल आणि चालक मिळून तासाला ६०० रुपये धरले, तर भाड्याच्या मानाने तासाला ९०० रुपये वाचतात. ३ लाख भागिले ९०० म्हणजे सुमारे ३३३ तास. घरचे ४५ वजा जाता २८८ तासांचे काम बाहेर शोधावे लागेल, तेही गावात आधीच जेसीबीवाले फिरत असताना.

ट्रॅक्टरलाही हीच फूटपट्टी लावली. अवजारांसह ८ लाख, शेवटी २ लाख येतील असे धरले. घसारा ६० हजार, व्याज ५० हजार, विमा-दुरुस्ती २० हजार. एकूण १ लाख ३० हजार. भाडे तासाला ९००, स्वतःचा खर्च ४५०, बचत ४५०. म्हणजे सुमारे २९० तास चालला तर ट्रॅक्टर फिटतो. या घरचे काम वाहतूक धरून १२० तास भरले. म्हणजे ट्रॅक्टरसुद्धा एकट्या घराला झेपत नव्हता! हे ऐकून मुलगा गप्प झाला, आणि वडीलही. पण फरक असा, की उरलेले १७० तास शेजारच्या शिवारात मिळण्यासारखे होते. नांगर, रोटाव्हेटर आणि ट्रॉलीचे काम प्रत्येक घरी असते.

दरपत्रक पाहताना कराचाही दर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. माती-मुरमाच्या यंत्रांवर तो १८ टक्के आहे.

मधला मार्ग

ट्रॅक्टरला पुढे बसवायचा लोडर मिळतो. ज्यांना वर्षातून थोडेच तास भरणी-उचलणी आहे, त्यांना तो सोयीचा. मात्र ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग असावे, पुढचा आस तेवढे वजन सोसणारा असावा, आणि बकेट भरल्यावर मागची चाके हलकी पडू नयेत म्हणून मागे उत्पादकाने सांगितलेले वजन बांधावे. गोठ्याच्या आत तो स्किड लोडरसारखा वळणार नाही, हे धरून चालावे.

मग स्किड लोडर कोणी घ्यावा? ज्याचा मोठा गोठा आहे, कंपोस्ट किंवा गांडूळ खताचा धंदा आहे, वीटभट्टी आहे, रोजच्या रोज भरणी-उचलणी आहे, त्याने जरूर घ्यावा. किंवा दहा-पंधरा सभासदांनी मिळून गटाने घ्यावा. पण चालक कोण, डिझेल कोणाचे, पाळी कशी आणि मोडतोड कोण भरणार, हे यंत्र येण्याआधी लिहून काढावे. यंत्र आल्यावर लिहू म्हणणारे गट भांडणात मोडतात.

जीव आधी, काम मागून

एक, बकेटचे वजन डोळ्यांनी ठरवू नका. ०.४ घनमीटरच्या बकेटमध्ये शेणखत भरले तर ते साधारण अडीचशे किलो भरते. तीच बकेट ओल्या मातीने भरली तर सातशे किलोंच्या वर जाते. यंत्रावर लिहिलेली उचल ओलांडू नका आणि भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चाला.

दोन, उताराच्या वाटेवर यंत्राची जड बाजू नेहमी चढाकडे ठेवा. रिकाम्या स्किड लोडरचा मागचा भाग जड असतो, म्हणून तो चढावर मागे मागे न्यावा. भरलेला असेल तर पुढून न्यावा.

तीन, उचललेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये. उतरताना बकेट खाली, इंजिन बंद, मगच पट्टा सोडावा.

चार, ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, ओढणी, पदर अडकल्यावर हात ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे आवरण काढून ठेवू नका.

पाच, अडकलेली ट्रॉली वरच्या सांध्याला साखळी बांधून ओढू नका. ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो. खालच्या ड्रॉबारलाच बांधा.

त्या घरचे पुढे काय झाले?

मुलाने स्वतःच मार्ग काढला. चुलत्याचा सात एकर ऊस शेजारीच आहे. दोन्ही घरांनी मिळून एक ट्रॅक्टर घेतला. शेणखताला वर्षातून दोन दिवस लोडर भाड्याने बोलावतात. कर्जाचा हप्ता उसाच्या बिलातून जातो, पण बिल संपत नाही. वडील परवा म्हणाले, "साहेब, त्या कागदाने पोराचं मन मोडलं असं वाटलं होतं. आता तोच वहीत तास लिहून ठेवतो."

सभासदांना आमची एवढीच विनंती. वर्षभर एक वही ठेवा. कोणते काम, किती तास, किती भाडे, ते त्याच दिवशी लिहा. ती वही घेऊन शेतकी गट कार्यालयात या. आपण दोघे मिळून हिशेब मांडू. यंत्र विकणारा शोरूममध्ये चकाकते यंत्र दाखवेल. ते आपल्या रानात वर्षाला किती तास चालेल, हे मात्र आपल्या वहीलाच विचारावे लागेल.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग