काश्मीरचा चाळिसा आणि बर्फाची वाट

ज्येष्ठ सरत आला म्हणजे महाराष्ट्रांतील शेतकरी आभाळाकडे पाहूं लागतो. मृग कोरडें गेलें तर त्याचा जीव खालीवर होतो. अशीच दृष्टि आभाळाकडे लावून बसणारा शेतकरी भारताच्या उत्तर टोकास, काश्मीरच्या खोऱ्यांतहि आहे. फरक इतकाच कीं, त्याचें आभाळ पाहणें ज्येष्ठांत नसून पौषांत असतें. आणि तो वाट पाहतो ती बर्फाची. हाडें गोठविणाऱ्या थंडींत बसलेल्या माणसानें आणखी बर्फ पडावा अशी इच्छा कां करावी, हें परक्यास प्रथम कोडेंच वाटतें. तें उलगडावयाचें तर त्या खोऱ्यांत हिवाळा कसा येतो, लोक त्यास कसें तोंड देतात आणि त्या पांढऱ्या थराखालीं कोणतें धन सांठतें, हें क्रमानें पाहिलें पाहिजे.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारें १,५८५ मीटर उंचीवर आहे. खोऱ्याच्या दक्षिणेस व पश्चिमेस पीर पंजालची रांग उभी असून उत्तरेस व पूर्वेस हिमालयाचीं उंच शिखरें आहेत. आषाढ-श्रावणांत महाराष्ट्रास न्हाऊं घालणारे मोसमी ढग पीर पंजालच्या भिंतीशीं अडतात व खोऱ्यांत थोडेच उतरतात. श्रीनगरला वर्षांत सुमारें ७०० मिलिमीटर वृष्टि होते, म्हणजे जवळजवळ पुण्याइतकीच. परंतु पुण्याचें बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडतें, तर काश्मीरच्या पाण्याचा मोठा वांटा हिवाळ्यांत आणि वसंताच्या आरंभीं येतो. तें पाणी घेऊन येतात ते पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राच्या बाजूस उत्पन्न होऊन इराण व अफगाणिस्तान ओलांडीत ते पूर्वेकडे सरकतात, आणि हिमालयाच्या चढणीवर त्यांतील बाष्प थिजून उंचावर बर्फ व सखल भागांत पाऊस पडतो.

या हिवाळ्याचें एक लोकमान्य पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा काळ ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठा चिल्ला, म्हणून ओळखला जातो. फारशी भाषेंत ‘चिहल’ म्हणजे चाळीस. त्यावरूनच हें नांव पडलें. आपल्याकडे त्यास ‘चाळिसा’ म्हटलें तर चालण्यासारखें आहे. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटा, आणि शेवटीं दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे तान्हा. असे एकंदर सत्तर दिवस काढले कीं हिवाळ्याचा कणा मोडला असें समजतात. या तिघां भावांपैकीं थोरला जितका कडक तितकाच उपकारक. त्याच्या कारकीर्दींत पडलेला बर्फ डोंगरावर घट्ट बसतो व पुढें महिनेच्या महिने टिकतो. धाकट्यांच्या वेळीं पडलेला बर्फ वाढत्या उन्हानें लवकर विरघळतो. म्हणून चाळिसा कोरडा गेला कीं म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात.

थंडी किती कडक असते हें आंकड्यांनीं समजेल. २१ डिसेंबर २०२४ रोजीं, म्हणजे चिल्लई कलानच्या पहिल्याच दिवशीं, श्रीनगरचें किमान उष्णतामान शून्याखालीं ८.५ अंश सेंटिग्रेड होतें. १३ डिसेंबर १९३४ रोजीं तें शून्याखालीं १२.८ अंशांपर्यंत उतरलें होतें. अशा वेळीं दल सरोवराच्या कडांवर बर्फाची साय धरते, नळांतील पाणी गोठतें आणि सकाळीं नळाभोंवतीं कागद किंवा गवत पेटवून तो मोकळा करावा लागतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सर्वांत थंड रात्र बर्फ पडण्याची नसते. ती निरभ्र आकाशाची असते. दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे सोडते. वर ढग असतील तर ते गोधडीप्रमाणें तिला अडवून धरतात. ढग नसतील तर ती सरळ निघून जाते. यामुळें बर्फ पडूं लागला कीं रात्रीचें उष्णतामान उलट थोडें चढतें. कोरड्या थंडीबरोबर धूळ, धूर व खोकला येतो. बर्फ पडला कीं हवा धुतली जाते. बर्फाची वाट पाहण्याचें हें पहिलें व लहानसें कारण.

याहून त्रासदायक ती ओली थंडी. उष्णतामान शून्याच्या दोनतीन अंश वर असतें, आणि बर्फाऐवजीं पाऊस किंवा अर्धवट विरघळलेला चिखलासारखा बर्फ पडत राहतो. आंकडा पाहिला तर ही थंडी सौम्य. अंगास मात्र ती अधिक झोंबते. याचें कारण असें कीं, लोंकरीचे कपडे ऊब देतात ते आपल्या धाग्यांत कोंडलेल्या हवेच्या बळावर. हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. कपडा भिजला कीं त्यांतील हवेची जागा पाणी घेतें, आणि तें सुकतांना अंगाचीच उष्णता शोषून वाफ होतें. म्हणून कोरड्या बर्फांत खेळणारें मूल ठणठणीत राहतें, आणि पावसांत भिजलेला हमाल दुसऱ्या दिवशीं अंथरूण धरतो. हिवाळ्यांत अंग झांकण्याइतकेंच कोरडें राखणेंहि महत्त्वाचें, हा धडा तेथें घरोघरीं मुलांस शिकविला जातो.

या थंडीशीं झुंजण्याचीं दोन जुनीं साधनें म्हणजे फेरन आणि कांगडी. फेरन हा गुडघ्यांखालीं पोंचणारा, सैल बाह्यांचा, घोळदार अंगरखा. तो मुद्दाम सैल शिवतात; कारण त्याच्या पोकळींत उबदार हवा राहते आणि आंत कांगडी धरतां येते. कांगडी म्हणजे वेताच्या वा तशाच लवचिक काड्यांच्या टोपलींत बसविलेलें मातीचें मडकें. त्यांत राखेच्या थराखालीं निखारे असतात. शरद ऋतूंत चिनाराचीं तांबूस पानें गळूं लागलीं कीं बायामाणसें तीं झाडून गोळा करतात, पेटवितात आणि पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करून ठेवतात. असा कोळसा राखेखालीं हळूहळू धुमसत कित्येक तास पुरतो. चरार-ए-शरीफ येथील कांगड्या कारागिरीसाठीं विशेष प्रसिद्ध आहेत.

पण विस्तव पोटाशीं धरणें निर्धोक नाहीं. वर्षानुवर्षें एकाच जागीं शेक लागून पोटाच्या व मांड्यांच्या कातडीस कर्करोग होतो, हें डॉक्टर एल्म्स्ली यांनीं १८६६ सालीं जगापुढें मांडलें. वैद्यकांत त्यास आजहि कांगडीचा कर्करोग म्हणतात. दुसरा धोका याहून गुप्त आहे. दारें-खिडक्या बंद करून खोलींत कोळसा किंवा वायूची शेगडी जाळली, तर हवेंतील प्राणवायु अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेलें माणूस झोंपेंतच जातें. जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यांत खोऱ्यांत असे बळी पडतात. निजण्यापूर्वीं शेगडी बाहेर ठेवावी आणि खिडकीची फट उघडी असावी, एवढी काळजी घेतली तरी कुटुंबें वांचतील. हा इशारा काश्मीरपुरताच नाहीं. माथेरान-महाबळेश्वरच्या थंडींत बंद खोलींत शेगडी पेटविणाऱ्यासहि तो तितकाच लागू आहे.

घराची व्यवस्थाहि ऋतूस धरून असते. सधन घरांत व मशिदींत ‘हमाम’ असतो. म्हणजे दगडी फरशीची एक खोली, जिच्या खालून लांकडें जाळून सारी जमीन तापवितात. इतर घरीं ‘बुखारी’ नांवाची पत्र्याची शेगडी असते व तिचें धुराडें छपराबाहेर काढलेलें असतें. छपरें उतरतीं असतात, म्हणजे बर्फाचा भार घसरून जातो.

अन्नाच्या बाबतींत तर महाराष्ट्रांतील गृहिणीस तेथें अगदीं माहेरीं आल्यासारखें वाटेल. ती चैत्र-वैशाखांत पापड, कुरडया व सांडगे वाळवून पावसाळ्याची बेगमी करते. काश्मिरी गृहिणी उन्हाळ्याच्या अखेरीस वांगीं, टोमॅटो, दुधीभोपळा व सलगम यांच्या फोडी करून दोऱ्यांत ओंवते व खिडक्यांवर माळा टांगून वाळविते. बर्फानें घाट बंद झाले, बाजारांत ताजी भाजी येईनाशी झाली, म्हणजे याच माळा भांड्यांत उतरत. आतां बोगदे झाले, २०२५ सालीं कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत आगगाडीहि सुरू झाली. तरी सुक्या भाज्यांची गोडी सुटलेली नाहीं. पहांटे शहरांत ‘हरीसा’ विकला जातो. मांस व तांदूळ रात्रभर मंदाग्नीवर शिजवून घोटलेला हा पदार्थ खास हिवाळ्याचा.

बर्फाचें स्वागत करण्याची रीत तेथें फार प्राचीन आहे. काश्मीरच्या ‘नीलमत’ पुराणांत वर्षाच्या पहिल्या हिमवृष्टीच्या दिवशीं उत्सव करावा असें सांगितलें आहे. हिवाळ्याचे सहा महिने पिशाचांच्या स्वाधीन असत व माणसें चैत्रांत परत येत, अशी कथाहि त्याच ग्रंथांत आहे. हिवाळ्याची भीति आणि हिमाचा आनंद हीं दोन्ही त्या लोकांच्या मनांत जुळीं भावंडें आहेत. पहिला बर्फ पडला कीं एकानें दुसऱ्याच्या हातीं बर्फाचा तुकडा कशांततरी गुंडाळून बेमालूम द्यावा आणि फसलेल्यानें मेजवानी द्यावी, अशी थट्टेची चालहि तेथें प्रचलित आहे.

आतां मुख्य कारणाकडे वळूं. बर्फ हा डोंगरावर बांधलेला, भिंतीवांचूनचा तलाव आहे. पाऊस पडला तर तो ओढ्यानाल्यांतून थोड्याच दिवसांत वाहून जातो. बर्फ पडला तर तो जागच्या जागीं राहतो. ताज्या बर्फाचा दहा सेंटिमीटरचा थर वितळला तर साधारण एक सेंटिमीटर पाणी होतें. आणि वितळण्यास त्याला पुष्कळ उष्णता लागते, एका ग्रॅमास सुमारें ८० कॅलरी. ही उष्णता सूर्य हप्त्याहप्त्यानें पुरवितो, म्हणून तें पाणीहि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत हप्त्याहप्त्यानेंच सुटतें. कांहीं जमिनींत मुरून झऱ्यांस मिळतें, कांहीं सिंध व लिद्दर या नद्यांतून झेलमला जातें. ज्येष्ठांत भाताची लावणी होते, तेव्हां शेतांत उभें राहणारें पाणी पौषांतल्या बर्फाचें असतें. शिवाय बर्फाच्या थरांत हवा कोंडलेली असल्यानें तो जमिनीवर रजईसारखा पसरतो; वर हवा शून्याखालीं आठ अंश असली तरी खालची माती शून्याच्या आसपासच राहते.

सफरचंदाचेंहि तसेंच. या झाडास हिवाळ्यांत सुमारें हजार तास तरी कडक गारवा मिळावा लागतो. तो मिळाला नाहीं तर मोहोर नीट येत नाहीं. हिवाळा कोरडा व उबदार गेला तर झाड फसून लवकर फुलतें आणि मागून आलेलें दहिंवर तीं फुलें जाळतें. मात्र बर्फाचीहि वेळ ठरलेली पाहिजे. नोव्हेंबर २०१८ आणि नोव्हेंबर २०१९ मध्यें तो फार लवकर पडला. झाडांवर पानें होतीं, त्यांवर भार सांठला आणि अनेक बागांतील फांद्याच काय, बुंधेसुद्धां चिरले गेले. वीस-वीस वर्षें वाढविलेलें झाड एका रात्रींत गेलें.

अलीकडे उलट संकट वारंवार येऊं लागलें आहे. डिसेंबर २०२३ व जानेवारी २०२४ हे महिने जवळजवळ कोरडे गेले. सुमारें २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गचीं कुरणें, जीं या दिवसांत पांढरीं शुभ्र असावयाचीं, तीं पिवळीं पडलेलीं दिसत होतीं. मशिदींतून हिमवृष्टीसाठीं सामुदायिक प्रार्थना झाल्या. अखेर जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत बर्फ आला. २०२५ सालीं पुन्हां तेंच. गुलमर्ग येथील हिवाळी खेळ बर्फाअभावीं फेब्रुवारींतून मार्चांत ढकलावे लागले. खेळ पुढें ढकलतां येतात; शेती ढकलतां येत नाहीं. त्याच फेब्रुवारींत अनंतनाग जिल्ह्यांतील अच्छाबल येथील प्रसिद्ध झरा आटला. मोगल बादशाहीच्या काळापासून ज्याच्याभोंवतीं बाग फुलली, आसपासच्या खेड्यांना ज्यानें पाणी पाजलें, त्याच्या कुंडांत दगड उघडे पडलेले लोकांनीं पाहिले.

पृथ्वीचें सरासरी उष्णतामान वाढत आहे, त्याचा हा परिणाम समजण्यास कठीण नाहीं. एक किलोमीटर वर चढलें कीं हवा साधारण साडेसहा अंशांनीं थंड होते. म्हणजे हवा एका अंशानें तापली कीं पाऊस आणि बर्फ यांमधील सीमारेषा सुमारें दीडशें मीटर वर सरकते. त्या पट्ट्यांत पूर्वीं जें पाणी बर्फ होऊन थांबत असे, तें आतां पाऊस होऊन निघून जातें. आकाश तेवढेंच पाणी देतें, पण तलावाची भिंत खचते.

बर्फ पाडणें मनुष्याच्या हातीं नाहीं. आलेलें पाणी राखणें हातीं आहे. झऱ्यांच्या वरच्या उतारांवरील जंगल टिकविणें, ओढे व पाणथळ जागा बुजूं न देणें, आणि भाताच्या खाचरांस पाणी वळविणारे जुने पाट दरवर्षीं साफ ठेवणें, हीं कामें थोड्या खर्चाचीं आहेत. विलंब केला तर मात्र तीं फार महाग पडतील. नवरात्रांत पुण्या-मुंबईच्या बाजारांत काश्मिरी सफरचंदांच्या पेट्या उतरतात, तेव्हां त्या फळांतील रस गेल्या पौषांतील बर्फाचाच असतो. म्हणून बर्फाची वाट पाहणारा तो फेरनधारी शेतकरी आणि मृगाची वाट पाहणारा येथील शेतकरी हे एकाच चिंतेचे वांटेकरी होत. रात्रीं कुत्र्यांचें भुंकणें मंदावतें, रस्त्यावरील पाउलांचा आवाज नाहींसा होतो, आणि घरांतील वडील माणूस खिडकी न उघडतांच ओळखतें कीं बाहेर बर्फ पडूं लागला. मग तें कांगडी जवळ ओढून स्वस्थ झोंपीं जातें. कारण पुढच्या ज्येष्ठाचें पाणी त्याच्या छपरावरच उतरत असतें.