पिनियनचा एक दात

अमेरिकेत पिकअपमागे जड ट्रेलर लावून हिंडणारी मंडळी हॉर्सपॉवरवर तासन्‌तास बोलतात. खरी मेख मात्र मागच्या अ‍ॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीत असते. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११, की गुणोत्तर ३.७३. पिनियनचा एकच दात कमी करा, ते ४.१० होतं, त्याच गिअरमध्ये चाकांना १० टक्के जास्त ओढ मिळते. मात्र त्याच वेगाला इंजिनही तेवढंच जास्त फिरतं, म्हणजे रिकाम्या गाडीलाही इंधन जादा.

कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना, ११ हजार फुटांवर, टर्बो नसलेलं इंजिन विरळ हवेमुळे जवळपास ३० टक्के ताकद गमावतं. तिथे ४.१० उपयोगी पडतं. (दहा गिअरच्या नव्या गाड्यांत हा फरक कमी जाणवतो.) हौसेने १० टक्के मोठे टायर बसवले, तर सगळा फायदा गेलाच म्हणा!

आणि गाडी किती भार वाहू शकते हे सांगणारं दाराच्या चौकटीवरचं लेबल आधी वाचा. ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हुकवर येतो. ४,००० किलोच्या ट्रेलरचे ४०० ते ६०० किलो. त्यात माणसं, सामान धरलं, की हलक्या पिकअपची मर्यादा बहुधा तिथेच संपते.