कॅमेऱ्यात दिसते, पण ऐकू का येत नाही?



मळ्यातल्या वस्तीवर आता बऱ्याच जणांनी कॅमेरे बसवलेत. आपण रात्री उसाच्या पाण्याला, घरी म्हातारी माणसं एकटी. अशा वेळी हाक ऐकू आली पाहिजे. गटात फिरताना "साहेब, दिसतंय सगळं, पण आवाज नाही" अशी तक्रार आमच्या कानी येते. लगेच नवा कॅमेरा आणू नका. क्रमाने तपासा.

१) सगळ्याच कॅमेऱ्यांत माईक नसतो. माहितीपत्रक पाहा. माईकच नसेल तर बटणे दाबून उपयोग नाही.

२) मोबाईलवर पाहताना स्पीकरची खूण बहुधा बंद असते. ती दाबा, फोनचा आवाजही वाढवा.

३) रेकॉर्डरमध्ये त्या कॅमेऱ्याचा ऑडिओ चालू करा. आधीचे चित्रण मात्र मुकेच राहील.

४) माईक वेगळा असेल तर त्याला वीज मिळते का बघा. त्याची वायर 'ऑडिओ इन'मध्येच हवी.

५) नुसती घरघर येत असेल तर वायर मोटारीच्या केबलला चिकटून गेली आहे का पाहा, ती लांबून घ्या.

६) माईकच्या भोकात धूळ किंवा कुंभारणीची माती बसते. मऊ ब्रशने झाडा, सुई खुपसू नका.

७) फोन कॅमेऱ्याजवळ धरून बोललात तर कर्कश शीळ घुमते. तो दोष नव्हे. लांब जाऊन बोला.

शेवटी एकाने वस्तीवर बोलावे, दुसऱ्याने बांधावरून ऐकावे. पावसाळ्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी, ही विनंती.