चित्रांची गाणी : चिमण्या, जाळं आणि पेटीची पट्टी

‘हनुमान’ या ॲनिमेशनपटाबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. खुलताबादचे मारुतीराय तसेही निवांत पहुडलेले आहेत, त्यांची हरकत नसावी. मधेच सिडकोतल्या एका बालवाडीच्या बाईंचा प्रश्न आला आणि तो काही सोडवेना. बाई लिहितात, गॅदरिंगच्या तालमीत मोगलीचं गाणं लावलं की पोरं बरोबर पाय टाकतात. मोठ्यांच्या सिनेमातलं गाजलेलं गाणं लावलं की निम्मी पोरं नुसती एकमेकांकडे बघत उभी राहतात. असं का?

ॲनिमेशनमध्ये गाणं आधी होतं आणि चित्र नंतर काढतात, हे मागच्या लेखात आलंच आहे. त्यातच अर्धं उत्तर आहे. चित्रपटाच्या फितीत सेकंदाला २४ चौकटी. गाण्याचे ठोके मिनिटाला १२० असले, तर एका ठोक्याला बरोबर १२ चौकटी येतात. ध्वनिमुद्रण झालं की चौकटी मोजून ठोके तक्त्यावर मांडतात आणि चित्रकार त्याबरहुकूम पाऊल काढतो. अस्वल चाललं तरी त्याचा पाय ठोक्यावरच पडणार, कारण तो तिथे मुद्दाम काढलेला असतो. मोठ्यांच्या सिनेमात नट आधी नाचतो, मग संकलक त्याचे तुकडे करतो. पाय दिसतात न दिसतात तोच कॅमेरा चेहऱ्यावर जातो. चार वर्षांच्या पोराने शिकायचं कुठून? शिवाय या वयाची मुलं आपसूक ठेका धरतात तो मोठ्यांपेक्षा जलद असतो, त्यामुळे संथ गाण्यावर त्यांचे पाय ठोक्याच्या आधीच पुढे पळतात.

तर बाई, मी असतो तर मोगली बाजूला ठेवून ‘एक अनेक और एकता’ घेतलं असतं. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ची ॲनिमेशन फिल्म. दूरदर्शन एवढाच टीव्ही होता त्या काळात वाढलेल्या कुणालाही विचारा, तिच्यातली गोष्ट सांगणारी ताई आणि पोरं लगेच डोळ्यांपुढे येतात. ती आपल्या किती जवळची आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. दिग्दर्शन विजया मुळे यांचं (अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई), संगीत वसंत देसाईंचं, आणि तो कोवळा आवाज दाभोळात जन्मलेल्या साधना घाणेकर नावाच्या मुलीचा. ही मुलगी पुढे साधना सरगम झाली. जन्म १९६९चा, म्हणजे फिल्म आली तेव्हा ती बाईंच्या मोठ्या गटात बसली असती. चित्रं भीमसेन यांची, ‘घरौंदा’ काढणारे तेच. शेवटचं समूहगीत विनयचंद्र मौद्गल्य यांचं. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय त्यांनीच उभं केलं, आणि गाणं शिकले ते आपल्या विनायकराव पटवर्धनांकडे.

मला यात सगळ्यांत थोर वाटतात ते वसंत देसाई. ‘श्यामची आई’मधलं छडीचं गाणं त्यांचं. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या दोन सिनेमांतल्या त्यांच्या प्रार्थना तर शाळांच्या परिपाठात जाऊन बसल्या. गळा न कमावलेल्या माणसाला, एकट्याला नव्हे तर घोळक्याला, म्हणता येईल अशी चाल बांधणं ही अवघड गोष्ट आहे, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी मला तरी दिसत नाही. या फिल्ममध्ये त्यांनी पोरांना सलग गायला लावलंच नाही. दोन-चार ओळी गाणं, मग ताईचं सांगणं, पोरांचा प्रश्न, पुन्हा गाणं. बोलणं कुठे संपलं आणि चाल कुठे सुरू झाली, पत्ता लागत नाही. पोरांना दम घ्यायला जागा आपोआप मिळते. पुढच्याच वर्षी, २२ डिसेंबर १९७५ला, मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले.

या फिल्मवर नाचायला काय लागतं? तिच्यातलंच सगळं: दाणे टिपणारी पाखरं, वरून पडलेलं जाळं, सगळ्यांनी एकदम घेतलेली उडी, जाळं कुरतडणारे उंदीर, आणि शेवटी एकमेकांच्या मदतीने पाडलेले आंबे. जाळ्याला मच्छरदाणी घेऊ नका, पायात अडकून पोरं तोंडावर पडतात. गाठी मारलेल्या ओढण्या बऱ्या. आणि एक. गॅदरिंगमध्ये दोन गोऱ्यागोमट्या मुली पुढे आणि बाकीचा वर्ग मागे हात हलवत, हा प्रकार मला बघवत नाही. इथे तो जमणारच नाही. पुढचं पाखरू एकटंच उडालं तर जाळं उचलणार कोण?

आता माझ्या आवडीचं आडवळण. औरंगपुऱ्यात पेटीची साथ करणाऱ्या एका मास्तरांची जुनी तक्रार आहे: टीव्हीवरून उतरवून घेतलेली असली गाणी पेटीशी जुळतच नाहीत. काळी चार धरली तर गाणं वर, पांढरी सहा धरली तर खाली. मास्तरांचा कान चोख आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची, आपल्याकडचा टीव्ही २५चा. एक चौकट आणायची कुठून? म्हणून फिल्म टीव्हीवर सरळ २५च्या वेगाने चालवायची पद्धत होती. वेग वाढला चार टक्क्यांनी, त्याबरोबर सूरही चढला, पण पुऱ्या एका पट्टीइतका नाही. पाऊण पट्टीच्या आसपास. तो दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत राहतो. एखाद्या पंधरा मिनिटांच्या फिल्ममधली छत्तीस सेकंदं अशी गायब होत. तेव्हा बाई, पेटी लावायचीच असेल तर गाणं यंत्रावर वाजवू नका, मुलांकडूनच म्हणून घ्या आणि पेटी त्यांच्या पट्टीत धरा. नाहीतर पेटी बंद.

पैठणच्या एका वाचकाने मोगलीचं शीर्षकगीत कुणाचं, असं विचारलंय. शब्द गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आवाज अमोल सहदेव यांचा. मालिका मुळात जपानी, ‘निप्पॉन ॲनिमेशन’ची, १९८९ची. आपल्याकडे ती १९९३मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली, आणि तिच्यातल्या शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. जपानी गाणं काढून इथे नवं बसवताना काय काय झालं असेल, यावर मला पानंच्या पानं लिहायची आहेत, पण आधी ‘हनुमान’. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके या दोन मराठी माणसांनी २००५मध्ये काढलेला. पुढच्या आठवड्यात नक्की.