बारावीचा बाक सोडताना : रायगडच्या किनाऱ्यावरची मुले आणि आपण



गळीत हंगाम ऐन भरात असतो, तोडणीच्या टोळ्या शिवारात उतरलेल्या असतात, पाळीपत्रकाप्रमाणे आपल्या उसाला तोड कधी मिळणार याचा घोर लागलेला असतो. आणि नेमके त्याच दिवसांत घरातले पोर बारावीच्या परीक्षेला बसलेले असते. बाप काट्यावर, पोर परीक्षेच्या वर्गात, आणि आई दोघांच्या वाटेकडे डोळे लावून. मे महिना उजाडला की हंगाम संपतो आणि निकाल लागतो. मग पारावर दोनच प्रश्न. "बिल किती निघालं?" आणि "मार्क किती पडले?"

पहिल्या प्रश्नावर या पत्रिकेत आपण नेहमीच लिहितो. या वेळी दुसऱ्या प्रश्नाबद्दल चार शब्द. त्यासाठी घाट उतरून जरा खाली, रायगडच्या किनाऱ्याकडे जाऊ. कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या पत्रिकेत समुद्राच्या गोष्टी कशाला? तर त्याला कारण आहे. ऊस हे तिकडचे पीक नव्हे. तिथल्या शेतकऱ्याच्या पाठीशी ना कारखान्याचा शेअर, ना ठरलेले ऊसबिल. भात, नारळ-सुपारीची वाडी, खारातली जमीन, नाहीतर मासेमारीची होडी, एवढ्यावर त्याचे घर चालते. अशा घरातले मूल बारावीचा बाक सोडते तेव्हा काय करते, हे पाहण्यासारखे आहे. कारण तिकडे जे घडून गेले, ते उद्या आपल्या दारात येऊ शकते.

शेवटचे वर्ष

रायगड म्हणजे जुना कुलाबा जिल्हा. १ जानेवारी १९८१ रोजी त्याचे नाव बदलले. उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशी ही किनारपट्टी. बोर्डाच्या हिशेबात हा जिल्हा मुंबई विभागात मोडतो, म्हणजे या मुलांचे निकाल महानगरातल्या मुलांच्या पंगतीत लागतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढेच कोकण मंडळात.

परीक्षेच्या तोंडावर आपल्याकडे जशी तोड, तसे अलिबाग तालुक्यात पांढऱ्या कांद्याचे काम. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूला भातानंतर हा कांदा लावतात, आणि काढणी येते ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. काढलेल्या कांद्याच्या माळा विणायच्या असतात. हे काम घरच्या बायका-मुलींच्या हातचे. म्हणजे दिवसा माळा, रात्री पुस्तक. २०२२ साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्याचे नाव आणखी दूरवर गेले. पण परीक्षेची तारीख काही कांद्याकडे बघून ठरत नाही.

त्यात आणखी शिमगा. कोळीवाड्यात आणि आगरी गावांत होळी म्हणजे वर्षातला मोठा सण, आणि तो येतो बहुधा बोर्डाच्या पेपरांच्या दिवसांत. एकीकडे ढोल वाजतोय, दुसरीकडे रसायनशास्त्राचा पेपर. पोराने करायचे काय? आई म्हणते, "अभ्यास कर," आणि पाय आपोआप ढोलाकडे वळतात.

या वयाच्या खोडी मात्र सगळीकडे सारख्याच. कबड्डीचे वेड तिकडे मोठे. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर टेनिस बॉलचे क्रिकेट रंगते, आणि भरती आली की सामना संपला, पंच लागत नाही. बैलगाडी शर्यत म्हटली की तिकडची पोरेही आपल्या पोरांसारखीच घरदार विसरतात. फरक एवढाच, की तिकडे धावपट्टी म्हणजे समुद्रकिनारा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी करून दिल्यावर हा नाद पुन्हा बहरला. निरोप समारंभाच्या दिवशी मुली पहिल्यांदाच साडी नेसून येतात आणि चालताना पाय अडखळतो. मुलगे पांढऱ्या शर्टावर एकमेकांच्या सह्या घेतात आणि घरी जाऊन आईच्या शिव्या खातात. एखादा पोरगा वर्षभर मागच्या बाकावरून मास्तरांची नक्कल करतो, आणि निरोपाच्या भाषणाला उभा राहिला की त्याच्याच तोंडून शब्द फुटत नाही. असा पोरगा आपल्या गावातही असतोच की.

दोन मॅट्रिक पास

"मार्क किती?" या प्रश्नावर रायगड जिल्ह्याच्या मातीतलीच दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक भावे हा मुलगा जन्मला. पुढे चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी चिंतामण देशमुख जन्मला.

चिंतामण १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. पुढे केंब्रिजला गेला. तिथे त्याने शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही मिळवले. मग आय.सी.एस. झाला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि स्वातंत्र्यानंतर देशाचा अर्थमंत्री. झाडापानांचा अभ्यास करणारा विद्यार्थी देशाच्या तिजोरीपर्यंत पोचला!

विनायकाचे उलटे. तोही हुशार, गणिताची विशेष गोडी. पण १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला तो वाटेत सुरतेला उतरला आणि काशीची गाडी धरली. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे तर त्याने चुलीत घातली. पुढे हाच मुलगा विनोबा झाला, आणि १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीपासून भूदानासाठी पायी देश तुडवू लागला.

आता यातून कोणी असा अर्थ काढू नये, की प्रमाणपत्रे जाळली म्हणजे मोठे होता येते. सांगायचे एवढेच, की एकाच जिल्ह्यातले, एकाच वयाचे, दोघेही बुद्धिमान. पण वाटा निराळ्या. आपण बेण्याचे टिपरे लावतो, त्याला दोन-तीन डोळे असतात. सगळे डोळे एकाच वेळी, एकाच बाजूला फुटत नाहीत. उसाच्या बाबतीत जे आपल्याला कळते, ते पोराच्या बाबतीत आपण विसरतो.

बंद झालेल्या आणि उघडलेल्या वाटा

पूर्वी या किनाऱ्यावरच्या मुलाची वाट ठरलेली असायची. मॅट्रिक झाला, नाही झाला, मुंबईच्या गिरणीत मामा-काकाच्या ओळखीने लागला. गावाकडे मनीऑर्डर येत राहायची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर ती वाट पुन्हा पहिल्यासारखी उघडली नाही. एका धंद्यावर अख्ख्या मुलखाने विसंबून राहिले तर काय होते, याचा हा धडा आहे. आपणही एकाच पिकावर आणि एकाच धुराड्याकडे बघून जगतो, हे ध्यानात असावे.

मग दुसऱ्या वाटा आल्या. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना उभा राहिला. आपण उसाला टाकतो तो उज्ज्वला युरिया तिथला. उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. पण त्याआधी नवी मुंबईसाठी जमिनी घेताना जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन पेटले, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले. म्हणजे पोराच्या नोकरीसाठी बापाची जमीन गेली, आणि त्या जमिनीचे मोल ठरवायला रक्त सांडावे लागले.

तिसरी वाट बोटीवरची. किनाऱ्यावरच्या घरांत "पोरगा शिपवर आहे" हे वाक्य मानाचे. दहावीनंतर खलाशी म्हणून, किंवा बारावीला गणित-विज्ञान घेऊन अधिकारी म्हणून जाता येते. नेरूळची 'चाणक्य' ही प्रशिक्षण संस्था त्यासाठी नावाजलेली आहे. पण या धंद्यात दलालही फार. लाखो रुपये घेऊन बोगस कागद हातात देणारे भेटतात. संस्थेला केंद्र सरकारच्या नौवहन खात्याची मान्यता आहे की नाही हे पाहिल्याखेरीज एक पैसाही देऊ नये. आपल्याकडची मुलेही आता या वाटेला लागली आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले.

चौथी गोष्ट बोलायला कडू आहे. मुंबईहून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, शिवडी-न्हावाशेवा पूल २०२४ साली खुला झाला, आणि जमिनीचे भाव आकाशाला भिडले. अनेकांनी जमिनी विकल्या. पैसा आला, घर बांधले, गाडी घेतली, लग्ने झाली. पुढे काय? ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव होते, तिथल्या बंगल्याच्या फाटकावर नातू राखणदार म्हणून उभा, असे दिसू लागले. पैसा शिक्षणात आणि धंद्यात गेला ती घरे तरली. मोटारीत गेला त्यांची मोटारही राहिली नाही.

वादळानंतरची मुले

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. आपला ऊस लोळला तरी खोडवा राहतो, पुढच्या साली पुन्हा लागण करता येते. सुपारीचे तसे नाही. नवे रोप लावून उत्पन्न हाताशी यायला पाच-सहा वर्षे तरी जातात, नारळालाही तसाच वेळ.

त्या जूनमध्ये जी मुले सातवीत जाणार होती, ती २०२६ साली बारावीला बसण्याच्या वयाची. हिशेब करून बघा. घरची वाडी आणि घरचे मूल बरोबरीने वाढले. वादळानंतर लावलेले रोप फळाला यायची वेळ आणि मुलाने घर सोडायची वेळ एकच! शिवाय ती मुले सातवीत होती तेव्हा शाळांना कुलूप होते, सगळी शाळा बापाच्या मोबाईलवर. आता बापाला वाटते, पोराने वाडी धरावी. आईला वाटते, पुन्हा वादळ आले तर? त्यापेक्षा नोकरी बरी. आणि पोराला काय वाटते, हे बऱ्याच घरांत कोणी विचारलेलेच नसते.

खरी गोम इथेच आहे. शेती धरावी की सोडावी, याचे एकच उत्तर नाही. पण विचारायला तर हवे! शेतात राहणारा मुलगा नाइलाजाने राहिला, की जाणूनबुजून राहिला, यात मोठा फरक पडतो. नाइलाजाने राहिलेला पहिल्या बऱ्या भावाला जमीन विकतो.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, निकालाआधी मुलाशी बोलावे. निकालानंतर बोलले की ते भांडण होते. दुसरी, मार्क कमी पडले म्हणून चारचौघांत पाणउतारा करू नये. नापास झाला तरी बोर्डाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्यात होते. तिचा फॉर्म वेळेवर भरावा.

तिसरी, दाखले आधी काढून ठेवावेत. उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर, जातपडताळणी यांपैकी जे लागतील ते. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रापुढे लागलेली रांग सर्वांनी पाहिलेली आहे.

चौथी, मुलींबद्दल. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. तेव्हा "फी कुठून भरू?" म्हणून पोरीला घरी बसवायचे कारण आता उरत नाही. आणि जाता जाता, आपल्या शेअरवर वारस म्हणून नाव लावताना लेकीचेही नाव आठवावे.

पाचवी, ज्याला मातीची आवड आहे त्याला हिणवू नये. कृषी पदवीची वाट सी.ई.टी.तून जाते. साखर धंद्यातच पुढे जायचे असेल तर विज्ञानाच्या पदवीनंतर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ती १९७५ साली उस उत्पादकांच्या सहकारातूनच उभी राहिली. किनाऱ्यावरच्या मुलांना मत्स्यशास्त्रासाठी रत्नागिरीचे कॉलेज आहे, शेतीसाठी दापोलीचे विद्यापीठ आहे. आपल्या पिकाचे शिक्षण घेणे हे कमीपणाचे नव्हे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा शेतकऱ्याच्या पोराला शाळेचा उंबरा ओलांडणे हेच अवघड होते. त्यांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. आज उंबरा ओलांडला गेला आहे. पुढे कुठल्या दिशेला पाऊल टाकायचे, एवढेच ठरायचे आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आईबापांना गिरणीने, बंदराने, वादळाने हा प्रश्न घाईत विचारला. आपल्याला अजून सवड आहे.

तेव्हा मंडळी, यंदाचा शेवटचा ट्रॅक्टर काट्यावर रिकामा झाला की त्याच संध्याकाळी पोराला, पोरीला जवळ बसवा. बिलाचा हिशेब दुसऱ्या दिवशी केला तरी चालेल.